पुठ्ठ्याआडचा शेवट

तक्रारी वाचणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मस्कतच्या अल् खुवैर भागातल्या काही इमारतींच्या देखभालीचं काम माझ्याकडे आहे, आणि गेली बावीस वर्षं मी रोज सकाळी भाडेकरूंच्या तक्रारी वाचतो. एसी गार करत नाही, नळाला उकळतं पाणी येतं, वरच्या मजल्यावरचे लोक खुर्च्या ओढतात. एवढ्या वर्षांत मला एक कळलं आहे. माणूस तक्रार करतो एसीची आणि दुखत असतं भलतंच. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी एका महिन्यात नऊ वेळा एसीवाल्याला बोलावलं. एसीला काडीचंही झालेलं नव्हतं. नवऱ्याची सोहारला बदली झाली होती आणि दिवसभर घरात बोलायला कुणी नव्हतं. दहाव्या वेळी मी स्वतः गेलो, चहा प्यालो, एसीला हात न लावता परत आलो. त्यानंतर दोन आठवडे तक्रार आली नाही.

गेल्या डिसेंबरात मात्र मी ऑफिसात बसून दुसऱ्याच तक्रारी वाचत होतो. एका व्हिडिओ गेमचा दुसरा भाग आला होता आणि तो खेळलेले जगभरचे लोक इंटरनेटवर आपापली मतं लिहीत होते. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, पत्त्यांतसुद्धा हरतो. पण त्या गेमचा पहिला भाग आमच्या घरचा होता, त्यामुळे वाचत सुटलो.

बऱ्याच जणांचं म्हणणं, कोडी फार सोपी केली आहेत. बाकीच्यांचं म्हणणं, एवढी अवघड कोडी घालून माणसाला छळता कशाला. एकाने लिहिलं होतं, पहिल्या भागात एका घंटेसाठी मी दोन दिवस डोकं खाजवलं, आता बटण दाबलं की गेमच उत्तर सांगतो, मग मी कशाला हवा? हा गृहस्थ मला आवडला. आमच्याकडे असा एक वॉटर पंपवाला होता. एक जण म्हणत होता, गोष्ट पहिल्या भागात संपली होती, संपलेल्या गोष्टीचं शेपूट ओढू नये. एका बाईंना समुद्राचं पाणी खरं वाटत नव्हतं. अहो बाई, मत्राच्या धक्क्यावर या, दाखवतो, असं मी मनात म्हटलं आणि पुढे गेलो.

पुढचं मत वाचलं आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. पण ते सांगण्याआधी पहिल्या भागाचं सांगायला हवं.

पहिला भाग बारा वर्षांपूर्वी बायकोने आणला, मुलीचं मराठी सुधारावं म्हणून. ऐकायला विचित्र वाटेल. मुलगी तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. मदिनत सुलतान काबूसकडच्या शाळेत सगळं इंग्रजी, बसमध्ये इंग्रजी, खाली खेळायला गेली तर इंग्रजी नाहीतर हिंदी. घरी आली की, "आई, मी माझं होमवर्क डन केलं." बायको पुण्याची. नुसती जन्माने पुण्याची असती तर चाललं असतं, पण ती जिभेनेही पुण्याची होती. हे ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मराठी पुस्तकं आणली, तर पोरीने तोंड फिरवलं. गोष्टी सांगितल्या, तर पोर दोन मिनिटांत घोरायला लागली. मग तिच्या वर्गातल्या कुणाकडून तरी या गेमचं कळलं आणि बायकोने त्यातच आपलं घोडं दामटलं.

या गेममध्ये कुणी बोलत नाही. चित्र हलतं, संगीत चालू असतं आणि जे काही बोलणं आहे ते पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरांत उमटतं. बायकोने खजुराच्या रिकाम्या खोक्याचा एक लांब पुठ्ठा कापला. टीव्हीच्या बाजूला वेताचा मोडा घेऊन ती बसायची आणि पुठ्ठा त्या अक्षरांसमोर वीतभर अंतरावर आडवा धरायची. बाजूने तिला अक्षरं दिसायची, समोर जमिनीवर बसलेल्या मुलीला दिसायची नाहीत. मग बायको ती गोष्ट मराठीत सांगायची. पुढे काय झालं हे कळायला हवं असेल, तर मराठी ऐकण्यावाचून मुलीला गत्यंतर नव्हतं.

गोष्ट अशी. एका बेटावर एक मुलगी आणि तिची आई राहतात. आई होडी घेऊन जाते आणि मागे दाट धुकं पडतं. परत यायची वाट आईला दिसणार कशी? म्हणून मुलगी आजूबाजूच्या बेटांवर घंटा टांगत निघते. सगळ्या घंटा एकदम वाजल्या की आवाजाच्या रोखाने आई येईल, असा तिचा हिशेब. एक घंटा टांगायची म्हणजे एक कोडं सोडवायचं. दोर, कप्प्या, वजनं, पाणी अडवायची दारं. मुलगी अडली की ते काम माझ्याकडे यायचं. कप्प्यांतलं मला कळतं. गोष्टीचं खातं बायकोकडे होतं आणि त्यात मला ढवळाढवळ करायची परवानगी नव्हती.

आमचे सुट्टीचे शुक्रवार असे जायचे. सकाळचे पोहे झाले, की खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही, पडदे लोटलेले, आणि आम्ही तिघं घंटा टांगतोय. त्या गेममधल्या आईने जागोजागी मुलीसाठी चिठ्ठ्या ठेवलेल्या असायच्या. बायको त्या वाचायची, "डबा संपवलास का? खोटं बोलू नकोस, मला इथून दिसतं."

मुलगी संशयाने विचारायची, "आई, खरंच असं लिहिलंय?"

"मग काय, मी माझ्या मनाचं सांगते?"

मला बाजूने अक्षरं दिसायची. डब्याचा तिथे मागमूसही नसायचा. मी हसू दाबत कप्प्या फिरवायचो. चार-पाच महिन्यांत मुलगी "केली" आणि "केलं" नीट म्हणायला लागली, आणि भांडायला लागली तीसुद्धा मराठीत. बायको म्हणाली, पैसे वसूल.

शेवटची एक घंटा राहिली होती तेव्हा बायकोचं दुखणं निघालं. उपचारांसाठी ती पुण्याला भावाकडे गेली. जाताना पुठ्ठा माझ्या हातात देऊन म्हणाली, "शेवट माझ्याशिवाय करायचा नाही. आधीच्या घंटा परत खेळा, पण तिचं मराठी सुटू देऊ नकोस." ती चार महिने तिकडे होती. दर शुक्रवारी फोनवर मुलगी विचारायची, "आई, आता शेवट करायचा का?" आणि बायको म्हणायची, "थांब गं, आलेच."

एका मंगळवारी सकाळी दहाला मी एका गच्चीवर टाकी बघत होतो, तेव्हा मेहुण्याचा फोन आला. "जिजाजी, ताई जरा सीरियस आहे. तुम्ही दोघं आजच निघा."

आखातात राहणाऱ्या कुणालाही या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. घरचं माणूस गेलं असं परदेशात राहणाऱ्याला कळवायचं नाही, अशी रीतच आहे. तो एकटा असतो, प्रवासात त्याला काही झालं तर? म्हणून "सीरियस आहे" एवढंच सांगायचं आणि उरलेलं त्याला घराच्या दारात कळू द्यायचं. मी स्वतः माझ्या हाताखालच्या दोघांना असंच सांगून विमानात बसवलं होतं. त्यातला एक प्लंबर होता, त्याचे वडील आदल्या दिवशीच गेले होते. विमानतळावर त्याने मला विचारलं, "साहेब, भेट होईल ना?" मी म्हटलं, "इन्शाल्ला." तेव्हा मला वाटलं होतं, मी त्याच्यावर दया केली.

मेहुण्याला मी म्हटलं, "माझ्याशी असं बोलू नकोस. गेली का?"

तो म्हणाला, "तुम्ही येईपर्यंत ठेवतोय."

संध्याकाळच्या विमानाची तिकिटं मिळाली. आमच्या खालच्या मजल्यावर रत्नागिरीकडच्या एक बाई राहायच्या, सगळे त्यांना भाभी म्हणायचे. त्या वर आल्या आणि सरळ आमची बॅग भरायला लागल्या. मुलीचे फ्रॉक घडी करता करता त्यांनी विचारलं, "पोरीला काय सांगलात?"

"अजून काही नाही."

"सांगा. ल्हान हाय ती, पण येडी नाय. विमानात बसायच्या आदी सांगा."

मी म्हटलं, "इन्शाल्ला." भाभींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना त्या शब्दाचा असा वापर आवडला नसावा.

दोन वाजता शाळेची बस आली. बॅग बघून मुलगी खूश. "आपण कुठे चाललोय?"

"पुण्याला. आईला भेटायला."

एवढं तर खरंच होतं. ती उड्या मारायला लागली आणि मग एकदम थांबली. "बाबा, आई आजारी आहे ना, मग आपण शेवट करून जाऊ आणि तिला सांगू. ती हॅपी होईल."

निघायला अजून दोन तास होते. ते दोन तास त्या पोरीसमोर कसे काढायचे, हे मला कळत नव्हतं. पुठ्ठा धरून बसलं की तोंड टीव्हीकडे राहतं, ते मुलीला दिसत नाही, एवढं मला सुचलं. मी टीव्ही लावला आणि मोड्यावर बसलो.

शेवटचं कोडं तिने माझ्या मदतीशिवाय सोडवलं. सगळ्या बेटांवरच्या घंटा वाजायला लागल्या, धुकं जरासं विरलं आणि त्यातून होडी आली. हळूहळू येऊन ती किनाऱ्याला टेकली. होडीत एक शाल पसरलेली होती, खाली काहीतरी असावं तशी थोडी उंच झालेली. गेममधली मुलगी काठावर नुसती उभी होती. पुठ्ठ्याआड अक्षरं उमटली. होडीला वाट सापडली, तिला नाही सापडली.

"काय लिहिलंय?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. तिसऱ्यांदाही वाचली.

"बाबा, काय लिहिलंय?"

"लिहिलंय, आई आली. खूप दमलीय, म्हणून शाल घेऊन झोपलीय. तिला उठवू नका."

"खरंच असं लिहिलंय?"

"मग काय, मी माझ्या मनाचं सांगतो?"

तिने टीव्हीचा आवाज बारीक केला. होडीतली बाई उठू नये म्हणून. मग माझ्या गळ्यात पडून हळूच म्हणाली, "बाबा, आपण जिंकलो." त्या दुपारी मी तिला सांगायला हवं होतं. तेव्हा नाही तर गाडीत, नाही तर विमानतळावर, नाही तर विमानात. ती खिडकीतून ढग बघत होती आणि मी तिला ज्यूस पाजत होतो. भाभींचं मी ऐकलं नाही, याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याच्या घरी पोचलो. बायकोला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. तिच्या अंगावर तिचीच मरून रंगाची शाल घातली होती, मस्कतहून नेलेली. बायका हंबरडा फोडत होत्या. मुलगी जाऊन उशाशी मांडी घालून बसली. रडली नाही. एक मावशी मोठ्याने रडायला लागली तेव्हा मुलीने ओठांवर बोट ठेवलं, ते मी लांबून पाहिलं. लोक म्हणाले, किती समजूतदार पोर आहे. मलाही तसंच वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. तिचं तिला उमगलं, आता मला सांगायला नको.

स्मशानातून परत आलो तेव्हा दिवस कलला होता. आंघोळ करून मी आतल्या खोलीत गेलो. तिथे पलंगावर नवीकोरी चादर घातलेली होती, दोन उशा, पायाशी पांघरूण. खिडकीचा पडदा ओढून घेतलेला होता आणि उशाशी पाण्याचा तांब्या, त्यावर वाटी. घरातल्या बायकांपैकी कुणीतरी माझ्यासाठी केलं असेल, असं मी समजलो. आदल्या सकाळपासून डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी आडवा झालो आणि मेल्यासारखा झोपलो. जाग आली तेव्हा घशाला कोरड पडली होती. उठून तांब्याभर पाणी घटाघटा प्यालो आणि पाहिलं तर मुलगी दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "ये ना." ती वळून निघून गेली.

त्यानंतर ती माझ्याजवळ झोपायला कधी आली नाही. मोठी झाली, असं मी म्हटलं. तेराव्यापर्यंत कुणा मावशी-आत्याने "आई देवाघरी गेली" हे तिला सांगितलं असणार. मी सांगितलं नाही. आम्ही मस्कतला परत आलो, शाळा सुरू झाली, भाभी डबा पाठवायच्या, असं करत ती वाढली. गेमची डिस्क तिने स्वतःच्या कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवली. पुन्हा कधी खेळली नाही. मैत्रिणींमध्ये त्या गेमचा विषय निघायचा, पण गेम खेळणाऱ्या लोकांत एक शिस्त असते. शेवट कुणी कुणाला सांगत नाही. त्या परक्या लोकांच्या शिस्तीवर माझं खोटं बारा वर्षं तगलं.

आता ती एकोणीस वर्षांची आहे. पुण्यात शिकते, मामाकडे न राहता होस्टेलवर राहते. डिसेंबरच्या सुट्टीत ती आली आणि येताना दुसरा भाग घेऊन आली. गुरुवारी दुपारी तिने तो लावला. मी ओट्यापाशी चहा करत होतो, तिथून टीव्ही दिसतो. ती बेटावरची मुलगी आता मोठी झालेली होती. किनाऱ्यावर एका दगडासमोर उभी होती, आणि दगडाला एक जुनी विटलेली शाल बांधलेली होती. लहानपणी टांगलेल्या घंटा एकेक करून उतरवायला ती आली होती. या वेळी मधे पुठ्ठा नव्हता. खाली काय लिहिलंय ते माझी मुलगी स्वतः वाचत होती.

दहा मिनिटांत तिने टीव्ही बंद केला.

"काय झालं गं?"

"नथिंग, बाबा. बोअर आहे."

ती आत गेली. शुक्रवार-शनिवार घरात जेवढ्यास तेवढं बोलणं झालं. मीही विचारलं नाही. विचारायचं धाडस माझ्यात असतं, तर ही गोष्ट बारा वर्षं आधीच संपली असती. म्हणून रविवारी आठवडा सुरू झाल्यावर ऑफिसात बसून मी लोकांची मतं वाचत होतो. ज्या माणसाला घरात विचारता येत नाही, तो असा बाहेर वाचत बसतो.

ते मत इंग्रजीत होतं, टोपणनावाने लिहिलेलं, पण मला ते मराठीतच ऐकू आलं. "मी हा भाग दहा मिनिटं खेळले आणि बंद केला. तुम्ही गोष्ट बदलली. पहिल्या भागात आई परत येते. ती दमलेली असते, म्हणून शाल घेऊन होडीत झोपते. मी सात वर्षांची होते आणि माझी आई आली नाही, पण ती आली होती. तेवढी एक आई परत आली होती. ती तरी ठेवायची होती."

खाली लोकांनी उत्तरं दिली होती. तू कुठला गेम खेळलीस बाई? शेवटच्या आधीच डुलकी लागली वाटतं. एकाने तर शेवटच्या चित्राचा फोटोच चिकटवला होता, तळाशी ती ओळ ठळक दिसत होती. त्यानंतर मुलीने एवढंच लिहिलं होतं, "माझे बाबा मला वाचून दाखवायचे. टीव्हीसमोर खजुराच्या खोक्याचा पुठ्ठा धरून."

तिथून वारं फिरलं होतं. असा बाप सगळ्यांना मिळो, असं एकाने लिहिलं. दुसरा म्हणत होता, तुझ्या बाबांचा शेवट गेमच्या शेवटापेक्षा चांगला आहे. लोकांनी त्यावर भरभरून अंगठे दिले होते. आयुष्यात कुणी मला एवढं चांगलं म्हटलेलं नाही. मी खाली खाली जात राहिलो, निदान एकाने तरी लिहिलं असेल की हा माणूस खोटारडा आहे. कुणीच लिहिलं नव्हतं. मुलीनेही त्यानंतर काही लिहिलं नव्हतं.

मी लॅपटॉप मिटला. असिस्टंटला म्हटलं, "यल्ला, आज खलास. बाकीच्या तक्रारी उद्या." आणि गाडी काढली. चार दिवसांनी तिचं परतीचं विमान होतं. त्याआधी सांगायचं, आजच सांगायचं, असं म्हणत मी सिग्नलवर थांबलो आणि हिरवा झालेलाही मला कळला नाही. मागचा हॉर्न वाजवत राहिला.

घरी आलो तर ती जमिनीवर बसली होती, लहानपणी बसायची तिथेच. जुनी डिस्क लावलेली. पडद्यावर होडी होती, होडीत शाल आणि खाली अक्षरं. तिच्या मांडीवर तो पुठ्ठा होता. तो मी टाकला नव्हता, टीव्हीच्या मागे उभा करून ठेवला होता. खजुराच्या झाडाचं चित्र पुसून गेलं होतं आणि एका कडेला बायकोच्या पोह्याच्या हाताचे तेलकट डाग होते.

तिने मान न वळवता म्हटलं, "बाबा, वाच."

मी मोड्यावर बसलो. पुठ्ठा घेतला नाही. "होडीला वाट सापडली," मी म्हटलं आणि थांबलो. "तिला नाही सापडली."

"ओके," ती म्हणाली. मग पडद्याकडे बघतच म्हणाली, "इट्स फाइन. मी लहान होते. तुलापण वाटत होतं ना, आई बरी होईल. म्हणून तू असं सांगितलं."

इथे मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. जगभरच्या लोकांनी मला चांगला बाप ठरवलंच होतं, आता मुलगीही ठरवत होती. पण मी म्हटलं, "नाही. मला माहीत होतं. सकाळी दहालाच मामाचा फोन आला होता. आपण शेवट खेळलो, तेव्हा आई गेलेली होती आणि मला ते माहीत होतं."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी? तू पुठ्ठा धरलेला, तेव्हा?"

"हो."

"विमानात?"

"हो."

"मला वाटायचं, तुलापण तिथे जाऊन कळलं." तिने कंट्रोलर खाली ठेवला. मग ती बोलायला लागली, तिच्या त्या अडखळत्या मराठीत, शब्द शोधत. "बाबा, मामाकडे आई सेम तशीच होती. शाल घेऊन. सगळे रडत होते आणि मला वाटलं, ह्यांना कुणी सांगितलंच नाही. ती दमलीय, एवढंच. म्हणून मी मावशीला शू केलं."

"मी बघितलं होतं ते."

"मग त्यांनी तिला उचललं. खूप लोक होते, मला दिसत नव्हतं. मला वाटलं, आत नेतायत, बेडवर. नीट झोपायला. तर मी आधी पळत आत गेले." तिने डोळे पुसले नाहीत, नुसती बोलत राहिली. "कपाटातून नवी चादर काढली. ती खूप मोठी होती, एका साइडने घातली की दुसऱ्या साइडने निघायची. मग पडदा लावला, तिच्या डोळ्यांवर लाइट येतो म्हणून. किचनमधून तांब्या आणला. तिला मधेच तहान लागते ना. आणि दारात थांबले. खूप वेळ थांबले, बाबा. कुणी आलंच नाही."

मला पुढचं कळलं होतं. तरी ती बोलली.

"आणि मग तू आलास. आणि त्यावर झोपलास."

बावीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी वाचतोय. ही एक माझ्याच घरात बारा वर्षं होती आणि मी ती वाचली नाही. मला तिची क्षमा मागायची होती. मी मोड्यावरून उतरून तिच्याशेजारी जमिनीवर बसलो. समोर होडी तशीच काठाला लागलेली होती.

ते पाणीही मीच प्यालो होतो. हे तिने बोलून दाखवलं नाही. पण ती तेव्हा दारातच उभी होती.